उघाडीवरचा फणस

२७ मे

शाळेतला फळा बाळाच्या टेम्पोत घालून ग्रामपंचायतीत नेला. मुख्याध्यापकांना फोनवर विचारलं होतं. "न्या, पण तसाच परत आणा," म्हणाले. तसाच म्हणजे कसा? वादळात त्याचा एक पाय मोडलाच आहे. भिंतीला टेकवून उभा केला आणि त्यावर गावाचा नकाशा काढला. परवाच्या वादळानं जे जे पाडलं ते लाल खडूनं. थोड्या वेळात लाल खडू संपला, मग पिवळा घेतला.

माणूस कुणी गेलं नाही. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

तेजस्वी – आमची सरपंच, माझीच जुनी विद्यार्थिनी – सगळ्यांसमोर म्हणाली की राडारोडा उचलण्याच्या समितीच्या सचिव मॅडमच. मी विचारलं, मीच का? शाळेला सुट्टी आहे म्हणून? "नाही मॅडम, तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही म्हणून." ऐकून बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं.

२८ मे

नियोजन म्हणजे दोनच प्रश्न – आधी काय उचलायचं, आणि उचललेलं ठेवायचं कुठे.

दुसरा सोपा निघाला. एसटी थांब्यामागचा माळ. तिथे चुन्यानं चौकोन आखले. लाकूडफाटा एकीकडे, चिरे आणि कौलांचे नळे एकीकडे, लोखंडी पत्रे वेगळे. सिमेंटचे पत्रे फोडायचे नाहीत. पाणी मारून, तोंड बांधून, अख्खे उचलायचे. आणि लांब कोपऱ्यात एक चौकोन आंब्याच्या फवारणीच्या औषधांसाठी. निम्म्या बागायतदारांच्या खोपी उडाल्या आहेत, त्यातल्या बाटल्या वाटेवर पडल्यात. माडाची खोडं मात्र साठवायची नाहीत, लगेच चिरून संपवायची. नाहीतर त्यात भुंगा होणार आणि उभे राहिलेले माडही जाणार.

पहिल्या प्रश्नाला सगळी सकाळ गेली. जेसीबी एक, झाडं कापायची यंत्रं दोन. मी क्रम लिहिला – दवाखान्याचा रस्ता, मसुऱ्याचा रस्ता, पाण्याची टाकी, तारांवरची झाडं, शाळा, मग एकेक वाडी. सगळ्यात शेवटी उघाडी, म्हणजे खारबांधाचं दार.

उघाडीवर पडलेला फणस आमचा आहे. आमचा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, विश्वेशच्या घराण्याचा, सामाईक. सातबारावर अकरा नावं, त्यातली आठ मुंबईत. हा फणस उतारावरून मुळासकट आला आणि खारबांधाच्या दारावर आडवा झाला. ओहोटीला व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीला खाडीचं खारं पाणी बाहेरच अडवायचं, एवढंच त्या लाकडी दाराचं काम. आता फांद्या आत घुसून दार अर्धवट उघडं राहिलंय. बांधावरची पायवाटही अडली आहे, आणि ती वाट आमच्याच घरची.

म्हणून शेवटी. आपलं झाड, आपली वाट – सचिवबाईंनी पहिला जेसीबी स्वतःच्या दारात नेला असं कुणी म्हणायला नको. आम्ही वळसा घालून जाऊ. अमावास्येचं मोठं उधाण सहा जूनला, तोवर वेळ आहे. नववीला भरती-ओहोटी मीच शिकवते, त्यामुळे सभेत तारीखही मीच सांगितली. सगळ्यांनी मान डोलावली. कुणी काही विचारलं नाही. मला वाटलं, पटलं.

जेवताना विश्वेश म्हणाला, "उघाडी मध्ये कुठेतरी घेता आली असती." मी कारण सांगितलं.

"हं," म्हणाला, आणि कढी वाढून घेतली.

२९ मे

लोक कचरा म्हणून काय आणतील, याचा अंदाज मला नव्हता!

वादळात मोडलेलं आणि वादळाआधी दहा वर्षं मोडून पडलेलं – दोन्ही एकाच टेम्पोत. जुना टीव्ही, गाद्या, गणपतीच्या मखराचा थर्माकोल, कुणाच्या तरी काकाचा कमोड. बाळा म्हणाला, वादळ आमच्या गावाक इला की भंगारवालो, काय कळना नाय.

आणि जे खरंच वादळात पडलं, ते कुणी द्यायला तयार नाही. चिरा पडला तरी चिराच असतो. नळा अर्धा फुटला तरी गोठ्यावर चालतो. बाबू घाडी – गावच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतात ते, वय पंचाहत्तरच्या पुढे – त्यांच्या पडवीची पडलेली भिंत आम्ही उचलून माळावर नेली. दुपारी ते स्वतः माळावर हजर. ढिगातला एकेक चिरा बघून बाजूला काढायला लागले. मी म्हटलं, आबा, हे सगळे सारखेच दिसतात. "तुमका दिसतत. माका नाय." अर्ध्या तासात त्यांनी आपले म्हणून जे चिरे वेगळे काढले, त्यातले काही शेजाऱ्याचे आहेत म्हणून शेजारी आला. मग दोघं बसून विडी ओढत वाटणी करत राहिले. भांडण नाही. पण माझा चौकोन रिकामा झाला.

याला राडारोडा म्हणायचं की नाही, हे मी ठरवणारी कोण? आज नियम बदलला – चिरे आणि नळे ज्याच्या त्याच्या अंगणात रचून ठेवायचे, रस्त्यावर नकोत. एवढंच.

३० मे

दवाखान्याचा रस्ता मोकळा. मसुऱ्याहून एसटी आली. रिकामीच, पण आली.

३१ मे

खालच्या वाडीत सिमेंटच्या पत्र्यांची पाहणी केली. वाडी लहान आहे, बांधाच्या आतल्या सखल भागात, व्हाळाला लागून. सगळ्यात टोकाला दुर्गाकाकीचं घर. ती एकटीच असते, मुलगा गोव्यात. घर, विहीर, आणि विहिरीखाली भाताचा एक कोपरा – तेवढ्यावर ती वर्षभर चालवते. मुलानं कितीदा बोलावलं, जात नाही. "थयसर पाणी नळाचा," म्हणते, जसं काही ते पाणीच नव्हे.

तिनं गरे दिले. "खा गो, तुमच्याच फणसाचे." वाडीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी पिकलेले फणस उतरवून नेले होते. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. पडलेल्या झाडाची फळं ज्याच्या हाताला लागतील त्याची. लाकूड मात्र हिस्सेदारांचं. म्हणूनच तर त्या झाडावर एकही फळ राहिलं नाही आणि एकही फांदी कमी झाली नाही.

उघाडी अर्धी उघडी आहे, म्हणून मी मुद्दाम विचारलं, काकी, विहिरीचं पाणी?

"बरा आसा." लोटा भरून दिला. प्यायले. खरंच चांगलं होतं.

निघताना म्हटलं, उघाडीचं काम अमावास्येच्या आत नक्की करतो. ती म्हणाली, तुमचा तुमी बघा, माका काय घाई नाय.

१ जून

आज जे कळलं ते शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.

बाबली आणि त्याचा भाऊ यंत्र घेऊन खालच्या वाडीतली झाडं कापत होते. काल दुपारीच त्यांचं काम संपलं. उघाडीपासून हाकेच्या अंतरावर होते. यंत्रात पेट्रोल होतं, हातात वेळ होता. आणि ते घरी गेले. मी सकाळी विचारलं, अरे, तिथेच होतास तर फणसाच्या निदान फांद्या तरी का नाही कापल्यास? पुढचं काम तेच होतं ना?

बाबलीनं आधी भावाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाईनू, तो तुमचो सामायिक. तुमी तोंडान सांगल्याशिवाय आमी कसो हात लावतलंव?"

मी म्हटलं, फळ्यावर लिहिलंय की.

"फळ्यार शेवटी लिवलास. दवाखानो वर, शाळा वर, आणि सोताचा झाड सगळ्याच्या खाली! आमका वाटला, भावबंदात काय तरी वाद आसतलो. तो मिटासर वेळ होयो, म्हणान तुमी मागे ठेवलास."

संपूर्ण गावाला असंच वाटलंय! तेजस्वीला विचारलं, तर तीही खाली बघायला लागली. तिलाही तेच वाटलं होतं, घरातली गोष्ट म्हणून तिनं विचारलं नाही. सभेत सगळ्यांनी मान डोलावली ती यासाठी. मी समजत होते माझा निःपक्षपातीपणा त्यांना पटला. ते समजत होते आमच्या घरात भांडण आहे आणि बाईंची लाज राखायला हवी.

दोन्ही बाजूंनी केवढी सभ्यता! आणि मध्ये ते दार उघडं.

मी स्वतःला विचारतेय – तो फणस दुसऱ्या कुणाचा असता तर मी कितवा लिहिला असता? तिसरा. फार तर चौथा. टाकीच्या नंतर लगेच. म्हणजे मी कुणाची बाजू घेतली नाही असं नाही. माझ्या नावाची घेतली. त्याचा त्रास मलाच होईल असं धरून चालले होते – वळसा मी घालीन, चिखल मी तुडवीन. बांधाच्या आत जे राहतात ते माझ्या हिशेबात नव्हते.

संध्याकाळी विश्वेशला सगळं सांगितलं. तो "मी म्हटलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला, "चला, फोन लावू."

२ जून

दिवसभर फोन. विश्वेशनं यादीनुसार सगळ्या हिस्सेदारांना लावला. ठाणे, डोंबिवली, विरार, एक बडोदा. बहुतेकांना असा काही फणस आपल्याला आहे हेच माहीत नव्हतं. एका पुतण्यानं विचारलं, त्याचे गरे पाठवता का? एक चुलतबहीण रडली – त्या फणसाला तिचा झोपाळा होता म्हणे. मग म्हणाली कापा, कापा, लोकांचे हाल नकोत.

एक फोन उचलत नाही.

आणि भिकाजी भाऊजी नाही म्हणाले. विश्वेशचे सगळ्यात थोरले चुलतभाऊ, डोंबिवलीला असतात, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. आठ तारखेचं तिकीट आहे, मी येईपर्यंत करवत लावायची नाही. त्या खोडाच्या अखंड फळ्या निघतील, घराचं पुढलं दार करायचं आहे. मधून कापलं की लाकूड गेलं.

मी फोन घेतला. म्हटलं, भाऊजी, सहाला उधाण आहे. भातशेतीत एकदा खारं पाणी भरलं की कोपरा दोन-तीन वर्षं पिकत नाही, तुम्हाला मी काय सांगू. ते म्हणाले, "तू सचिव म्हणान सांगतंस, की घरातली सून म्हणान?"

मी पुन्हा उधाणाचीच तारीख सांगितली. म्हणाले, मग आधी ता ठरव.

३ जून

ठरवलं ते असं. सचिव म्हणून हे काम मला फळ्यावर वर घ्यायचंय, ते मी घेतलं. स्वतःच्या हातानं खालचं पुसून वर लिहिलं, आणि सभेत कारण सांगितलं – आमच्यात वाद नव्हता, नाही, शेवटी टाकलं ही माझी चूक. सून म्हणून मला भाऊजींना दुखवायचं आहे. तेही मीच करणार, विश्वेशच्या आड लपून नाही.

फोन करून तसं सांगितलं. पलीकडून "बरा," आणि फोन बंद.

सभेत कुणीतरी मागून म्हणालं, "मगे आधी सांगूक काय झालेला?" कोण म्हणालं ते मी पाहिलं नाही. बरोबरच विचारलं.

४ जून

फणस कापला.

बाबू घाडींनी आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. मला वाटलं होतं दोन मिनिटांत उरकतील. पण अकरा हिस्सेदारांचं झाड, म्हणजे गाऱ्हाणंही तेवढं लांब!

"हे देवा म्हाराजा, ह्यो फणस आज तुज्या पायाशी इलो. हेका कापूचो बेत आसा. तो काय कोणाच्या वायटासाठी नाय."

"होय म्हाराजा!" – सगळे.

"जे हिस्सेदार हयसर उभे आसत, तेंका सुखी ठेव."

"होय म्हाराजा!"

"जे मुंबयक आसत, तेंकाय सुखी ठेव. जेंका राग इलो आसा, तेंचो राग थंड कर. आणि जे फोन उचलनत नाय, तेंच्या फोनाक रेंज दी."

"होय म्हाराजा!" बाबली हसत हसतच यंत्र सुरू करायला गेला.

फांद्या आधी, मग खोड. मी सांगितलं होतं, जमलं तर लांब तुकडे ठेवा, भाऊजींच्या दारासाठी. बाबलीनं प्रयत्न केला, पण खोड दाराच्या चौकटीत असं अडकलं होतं की मधूनच कापावं लागलं. करवत आत गेली तेव्हा पिवळाधमक भुसा उडाला. विश्वेश बघत उभा होता, मग फांद्या ओढायला लागला.

सगळं लाकूड माळावर नेऊन आमच्या नावानं वेगळं रचलं. त्याला कुणी हात लावणार नाही, हे मला माहीत आहे.

५ जून

उघाडीचं दार हलतं, पण नीट बसत नाही. एक फळी फुटली होती. सुतारानं नवी ठोकली. दारात अडकलेला गाळ, जाळ्यांचे तुकडे, प्लॅस्टिकच्या बाटल्या – चार टोपल्या भरून काढल्या. वाडीतल्या बायका आपणहून आल्या. मी बोलावलं नव्हतं. दुर्गाकाकीही टोपली घेऊन आली, तिला बसवून ठेवलं.

६ जून

अमावास्या. दुपारी भरती.

अर्धा गाव बांधावर उभा. पाणी चढत गेलं, बांधाच्या दगडांना लागलं, वर आलं. दार एकदा थरथरलं आणि बाहेरच्या पाण्यानं त्याला दाबून घट्ट लावलं. आतल्या बाजूला व्हाळ तसाच, हललाही नाही. बाहेर खाडी फुगलेली, आत बेडूक. मधल्या त्या लाकडी दाराकडे सगळे बघत होते, जणू कुणाची परीक्षा चाललीय.

बाबू घाडींनी हात जोडले. तेजस्वीनं माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

मी दुर्गाकाकीला म्हटलं, काकी, आता काळजी नाही. ती म्हणाली, नाय गो, आता कसली.

आज मला फार बरं वाटतंय. तसं वाटायला नको होतं का? तरी वाटतंय.

७ जून

तालुक्याहून साहेब आले. माळावरचे चौकोन, फळा, क्रम, सगळ्याचे फोटो काढून नेले. आमचा आराखडा इतर गावांना नमुना म्हणून देणार म्हणाले. मी त्यांना सांगितलं, क्रमात एक चूक होती. ते म्हणाले, "शेवटी वेळेत झालं ना मॅडम? मग चूक कसली."

मी सांगायला सुरुवात केली, पण त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं.

८ जून

भिकाजी भाऊजी आले. पिशवी ओट्यावर ठेवून थेट माळावर गेले. कापलेल्या खोडावर वीत ठेवून लांबी मोजली, एकदा नाही, दोनदा. म्हणाले, "दार नाय होवचा. पाट होतले." मग बांधावर जाऊन उघाडीपाशी बराच वेळ उभे राहिले. लहानपणी त्यांनी इथे कुर्ल्या पकडल्या आहेत.

जेवताना विश्वेशशी बोलले, माझ्याशी नाही. पण उठताना ताट मला उचलू दिलं नाही, स्वतः नेलं. यातून काय समजायचं ते उद्या ठरवीन.

९ जून

दुर्गाकाकी सकाळी चढण चढून आमच्या विहिरीवर आली. कमरेला रिकामी कळशी. मी दारातून पाहिलं आणि तशीच बाहेर गेले.

"काकी?"

"बावीचा पाणी खारा झाला गो. आठवडो झालो."

मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुजा येवढा काम चालू होता. मधीच तुका कशाक सांगू?"

कळशी मी शेंदून दिली.